परभणीहून चार-पाच दिवसांची सहल: आधी वार पाहा, मग ठिकाणं ठरवा

समजा, परभणीतलं एक कुटुंब आहे. आई-वडील, शाळेत जाणारी दोन मुलं आणि गुडघे दुखणारी आजी. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस सगळ्यांना एकत्र मोकळे मिळालेत. शनिवारी भाड्याची गाडी करून निघायचं, रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी घरी, असं ठरतं. सोमवारी छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर जाऊन गाडी फर्दापूरला पोचते आणि तिथे कळतं की अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात.

गाडीचं भाडं गेलं, एक दिवस गेला. पुन्हा सगळ्यांना एकत्र सुट्टी मिळायला वर्ष लागणार. आजीला तोवर चढायला जमेल की नाही, कुणी सांगावं?

ही चूक टाळायला जास्तीचे पैसे लागत नव्हते. फक्त दोन दिवसांची अदलाबदल करायची होती. वेरूळ बंद असतं मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी. म्हणजे रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ केलं असतं तर दोन्ही पाहून झालं असतं.

बहुतेक घरांत सहलीची सुरुवात ठिकाणांच्या यादीने होते. परभणीसारख्या ठिकाणाहून निघताना मात्र तीन गोष्टी आधी पाहिल्या तर यादी आपोआप ठरते. त्या म्हणजे वार, रेल्वेमार्ग आणि ऋतू.

परभणी स्टेशनवरून कुठे कुठे जाता येतं?

परभणी जिल्ह्यात थंड हवेचं ठिकाण नाही आणि जगप्रसिद्ध स्मारकही नाही. पण जिल्ह्यातली परभणी आणि पूर्णा ही दोन जंक्शनं नकाशावर पाहिली, तर दख्खनच्या जुन्या राजधान्या त्यांच्याच मार्गांवर सापडतात.

मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग निजामाच्या काळातला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो मीटरगेजवर सुरू झाला आणि १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाला. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती, त्यामुळे ही रेल्वे परभणीला राजधानीशी जोडणारा रस्ताच होती. आजही या मार्गाने पश्चिमेला गेलं की सेलू, जालना आणि संभाजीनगर लागतं, तर पूर्वेला नांदेड आणि पुढे हैदराबाद.

परभणीहून दुसरा फाटा गंगाखेड, परळी वैजनाथवरून लातूर रोड, उदगीर, बिदर आणि विकाराबादकडे जातो. पूर्णा जंक्शनवरून तिसरा फाटा हिंगोली, वाशीमवरून अकोल्याला पोचतो.

या प्रत्येक दिशेला एक ऐतिहासिक शहर आणि एक डोंगर अशी जोडी आहे. पश्चिमेला संभाजीनगर आणि म्हैसमाळ, उत्तरेला अचलपूर आणि चिखलदरा, आग्नेयेला हैदराबाद-बिदर आणि अनंतगिरी. एका सहलीत एकच दिशा घ्यायची. ‘आलोच आहोत तर तेही करू’ म्हणून दोन दिशा जोडल्या की सुट्टी रस्त्यावरच संपते.

थंड हवेचं ठिकाण म्हणजे नेमकं किती थंड?

मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांवर गेला की डोंगराची आठवण होते. पण आपल्याकडच्या डोंगरांकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा एक सोपा हिशेब आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं.

परभणी शहर समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटरवर आहे. म्हैसमाळ सुमारे एक हजार आणि चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर. म्हणजे फरक सहाशे-सातशे मीटरचा, आणि तापमानातला फरक चार-साडेचार अंशांचा. परभणीत ४२ असेल तर तिथे दुपारी ३८च्या आसपास. सकाळ-संध्याकाळ बरी जाते, रात्रीचा वारा सुखाचा असतो, पण भर दुपारी तिथेही ऊनच. महाबळेश्वरची उंची सुमारे १३५० मीटर, त्यामुळे तिथे आणखी दोन अंश कमी आणि वर समुद्राकडून येणारी हवा.

दुसरा फरक पावसाचा. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि बराचसा पाऊस तिथेच पाडतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि डोंगरापलीकडच्या परभणीत एक हजाराच्या आत. म्हैसमाळ पर्जन्यछायेच्या याच पट्ट्यात येतं. तिथली हिरवळ जुलै ते ऑक्टोबर असते. एप्रिल-मेमध्ये गवत वाळलेलं असतं आणि धबधबे कोरडे पडलेले असतात. ‘मराठवाड्याचं महाबळेश्वर’ हे नाव ऐकून मे महिन्यात गेलेली माणसं म्हणूनच हिरमुसून परततात.

थोडक्यात:

- जुलै ते सप्टेंबर: डोंगर सर्वात देखणे. घाटात धुकं, निसरडे रस्ते. लेण्यांच्या पायऱ्याही ओल्या.
- ऑक्टोबर ते फेब्रुवारी: डोंगर आणि शहरं दोन्हींसाठी सर्वात सोयीचा काळ.
- मार्च ते जून: किल्ले आणि लेणी सकाळी लवकर. दुपारी संग्रहालय किंवा मुक्कामाची खोली.

शेतकरी कुटुंबांना अनेकदा रब्बी उरकल्यावर आणि पेरणीच्या आधी, म्हणजे मे महिन्यातच सवड मिळते. जावंच लागलं तर दिवस पहाटे सुरू करायचा, बारा ते चार सावलीत काढायचे आणि एका दिवसात एकच मोठं ठिकाण घ्यायचं.

मार्ग पहिला: संभाजीनगर, अजिंठा, वेरूळ आणि म्हैसमाळ (चार दिवस)

परभणी ते संभाजीनगर रेल्वेने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. नांदेडहून सकाळी सुटणारी तपोवन एक्स्प्रेस दिवसा जाण्यासाठी सोयीची. देवगिरी एक्स्प्रेसही याच मार्गावर आहे, पण ती रात्री उशिरा पोचवते. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हॉटेलचं बुकिंग करताना हे ध्यानात ठेवायला हवं.

शनिवार ते मंगळवार अशी सुट्टी असेल, तर क्रम असा लावता येतो.

शनिवार: दुपारपर्यंत संभाजीनगर. संध्याकाळी बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर सतराव्या शतकात बांधली गेली. तिच्याजवळच पाणचक्की आहे. मलिक अंबरने १६१०मध्ये वसवलेलं खडकी गाव म्हणजेच हे शहर. हैदराबादच्या निजामांची राजधानीही सुरुवातीला इथेच होती.

रविवार: अजिंठा. सिल्लोडमार्गे शंभरेक किलोमीटर. जळगावकडे जाणाऱ्या एसटीने जाणार असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: अजिंठा गावात उतरायचं नाही. लेणी त्या गावात नाहीत. घाट उतरून पुढे फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उतरायचं. खासगी गाड्याही तिथेच लावाव्या लागतात आणि शेवटचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. लेणी सकाळी ९ ते सायंकाळी साडेपाच उघडी असतात. नीट पाहायला चार तास तरी लागतात, म्हणून शहरातून सकाळी सातच्या आत निघालेलं बरं.

वेळ कमी असेल तर चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही लेणी आधी पाहावीत. फ्लॅश वापरायला बंदी आहे, कारण प्रकाशाने रंग खराब होतात. आत अंधार असतो. बाहेरच्या उन्हातून आल्यावर दोन मिनिटं शांत उभं राहिलं की डोळे सरावतात आणि मग चित्रं दिसू लागतात. घाईत आलेले लोक नेमकी तीच दोन मिनिटं देत नाहीत.

सोमवार: दौलताबाद आणि वेरूळ. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. किल्ला आधी, सकाळच्या गारव्यात. यादवांची देवगिरी ती हीच. मुहम्मद तुघलकाने १३२७मध्ये दिल्लीची राजधानी इथे हलवली होती. खोल खंदक, एकच वाट आणि भुयारासारखी अंधारी, अशी या किल्ल्याची रचना आहे. ज्यांना चढणं झेपत नाही त्यांनी खालच्या भागातला चांद मिनार पाहून थांबायला हरकत नाही.

वेरूळ त्यानंतर, म्हणजे दुपारनंतर. कारण ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत आणि उतरतं ऊन थेट दर्शनी भागावर पडतं. एकूण ३४ लेणी: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सगळी एका दिवसात होत नाहीत. १६ क्रमांकाचं कैलास लेणं, १० क्रमांकाचं विश्वकर्मा लेणं आणि ३२ क्रमांकाची इंद्रसभा एवढं केलं तरी तिन्ही धर्मांची शिल्पं पाहून होतात. कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलं गेलं.

मुक्काम वेरूळ किंवा खुलताबादला. म्हैसमाळवर राहण्याच्या सोयी मोजक्या आहेत.

मंगळवार: म्हैसमाळ. वेरूळ आज बंद, पण डोंगराला साप्ताहिक सुट्टी नसते. खुलताबादहून म्हैसमाळ बारा-पंधरा किलोमीटर. सकाळी गिरिजादेवीचं मंदिर आणि कड्यावरून दिसणारा खालचा मुलुख पाहून दुपारपर्यंत संभाजीनगर स्टेशन गाठता येतं.

या क्रमाला एक अपवाद आहे. श्रावणात सोमवारी वेरूळच्या घृष्णेश्वराला आणि शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला मोठी गर्दी होते. त्या महिन्यात लेणी निवांत पाहायची असतील तर बुधवार ते शुक्रवार हे दिवस बरे.

मार्ग दुसरा: वाशीम, अचलपूर आणि चिखलदरा (चार दिवस)

पूर्णा जंक्शनवरून अकोल्याची गाडी पकडली की वाटेत वाशीम लागतं. हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्यातली अनेक उत्तम लेणी कोरली गेली. १६ क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिलं. अजिंठा आधी पाहून आलेल्यांना गाडीच्या खिडकीतून दिसणारं वाशीम मग नुसतं एक स्टेशन राहत नाही.

अकोल्याहून अमरावती किंवा अकोटमार्गे परतवाडा, आणि तिथून घाट चढून चिखलदरा. परतवाड्याला लागूनच अचलपूर आहे. बहमनी राज्य फुटल्यावर वऱ्हाडात जी इमादशाही उभी राहिली, तिची ही राजधानी. शहराबाहेरचा हौज कटोरा आजही पाहता येतो.

चिखलदरा हे विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून आधी कीचकदरा आणि मग चिखलदरा, अशी कथा सांगतात. इथे कॉफीची लागवड होते. शेजारी गाविलगड आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १८०३च्या डिसेंबरमध्ये, इंग्रजांनी तो मराठ्यांकडून जिंकला. भोवती मेळघाटचं जंगल आणि कोरकू वस्त्या. हा व्याघ्र प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक.

वेळापत्रक करताना दोन गोष्टी पाहायच्या. चिखलदरा पावसाळ्यात सर्वात सुंदर असतं, पण जंगलाच्या गाभा भागातली सफारी त्या काळात बंद असते. दोन्ही हवं असेल तर पाऊस संपल्यानंतरचे आठवडे निवडावेत. दुसरी गोष्ट, घाटरस्ता अंधारात टाळावा. अकोल्याला दुपारी पोचणारी गाडी घेतली तर त्या रात्री परतवाडा किंवा अमरावतीला थांबून सकाळी चढणं शहाणपणाचं.

परतीच्या वाटेवर अनेक कुटुंबं शेगाव जोडतात. ते अकोल्याहून रेल्वेने तासाभराच्या आत आहे. त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवायचा आणि चिखलदऱ्याचा एखादा पॉइंट सोडून द्यायचा.

मार्ग तिसरा: हैदराबाद, अनंतगिरी आणि बिदर (पाच दिवस)

परभणीहून हैदराबादला जायला दोन वेगळे रेल्वेमार्ग आहेत. एक नांदेड-निजामाबादवरून आणि दुसरा परळी-बिदर-विकाराबादवरून. अनेक जण एकाच मार्गाने जातात आणि येतात. जाताना एक आणि येताना दुसरा घेतला की सहलीची गोल फेरी होते आणि बिदर वाटेतच पदरात पडतं.

पहिला टप्पा नांदेड. गुरू गोविंदसिंगांचं १७०८मध्ये इथे निधन झालं आणि त्यांनी गुरू ग्रंथसाहिबांना गुरूपद दिलं, म्हणून हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. सकाळी दर्शन आणि लंगर करून पुढची गाडी धरता येते.

हैदराबादला दोन दिवस. चारमिनार १५९१चा, मुहम्मद कुली कुतुबशहाने वसवलेल्या शहराच्या मध्यावर उभा. त्याच्याआधीची कुतुबशाहीची राजधानी म्हणजे गोवळकोंडा. तिथे संध्याकाळी गेलं तर ऊनही टळतं आणि ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रमही पाहता येतो. इथेही वार पाहायलाच हवा. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद असतात. शुक्रवार हैदराबादेत येत असेल तर तो गोवळकोंड्यासाठी ठेवावा.

चौथ्या दिवशी विकाराबाद. स्टेशनपासून सहा-सात किलोमीटरवर अनंतगिरीचा डोंगर आहे. हैदराबादमधून वाहणारी मुसी नदी इथेच उगम पावते. गर्द झाडी, अनंत पद्मनाभाचं मंदिर आणि चालण्याच्या वाटा. महाबळेश्वरसारखी बाजारपेठ इथे मिळणार नाही, पण शहरातल्या दोन दिवसांच्या धावपळीनंतर इथला निवांतपणा मनाला बरा वाटतो.

पाचव्या दिवशी बिदर. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी इथे आणली. महमूद गवानने १४७२मध्ये उभारलेल्या मदरशाच्या भिंतीवर रंगीत फरशांचे अवशेष अजून दिसतात. बिदरी काम घ्यायचं असेल तर कारागिरांच्या दुकानात ते होताना पाहून घ्यावं. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकतात आणि किल्ल्यातल्या मातीने तो धातू काळा करतात. काळ्यावर उठून दिसणारी चांदी ही या कामाची ओळख.

बिदरहून उदगीर, परळी, गंगाखेड करत परभणी. नांदेड-बेंगळुरू एक्स्प्रेस याच मार्गाने धावते. ती चुकली तर पर्याय कमी आहेत, म्हणून या मार्गाचं परतीचं तिकीट सर्वात आधी काढायचं.

मग महाबळेश्वर आणि माथेरानचं काय?

दोन्ही सुंदर आहेत, पण परभणीहून त्यांचा हिशेब वेगळा आहे. महाबळेश्वरला रेल्वे नाही. पुण्यापर्यंत रेल्वे किंवा बस आणि पुढे सव्वाशे किलोमीटर एसटी, असं करताना जाण्या-येण्यातच दोन दिवस जातात. पाच दिवसांपेक्षा कमी सुट्टी असेल तर हा बेत पुढे ढकलावा. सुट्टी पुरेशी असेल तर वाई, सातारा आणि प्रतापगड जोडून डोंगर आणि इतिहास दोन्ही होतात.

माथेरान त्यामानाने सोपं. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने कल्याण, तिथून लोकलने नेरळ. वर मोटारगाड्यांना बंदी आहे. टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७पासूनची आहे, पण पावसाळ्यात घाटातला तिचा टप्पा बंद असतो. मुलांना ‘टॉय ट्रेन’ कबूल करण्याआधी महिना पाहिलेला बरा.

खर्च कुठे वाचतो?

पाच जणांच्या कुटुंबात भाड्याच्या गाडीचा खर्च मोठा असतो. गाडी ठरवताना तीन प्रश्न आधी विचारायचे. रोजचे किमान किती किलोमीटर धरणार? टोल आणि पार्किंग कोणाकडे? ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम धरला आहे का? किमान किलोमीटरची अट असेल तर गाडी दिवसभर उभी राहिली तरी पैसे द्यावे लागतात. त्यापेक्षा मोठं अंतर रेल्वेने कापायचं आणि गाडी ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी स्थानिक ठिकाणाहून करायची. पहिल्या मार्गावर अशी गाडी सोमवार-मंगळवारच पुरते.

एसटीत महिलांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्धं तिकीट. वयाचा पुरावा बरोबर हवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती, त्यामुळे तिसऱ्या मार्गावर तिचा फारसा उपयोग नाही. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२०पासून बंद आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र बर्थ मागितला तर पूर्ण भाडं लागतं, मोठ्यांबरोबर बसवलं तर अर्धं.

अजिंठा आणि वेरूळचं तिकीट भारतीयांना ४० रुपये आहे आणि १५ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. म्हणजे सहलीच्या खर्चात तिकिटांचा वाटा नगण्य असतो. खरा पैसा वाहन आणि मुक्कामात जातो. म्हणूनच एक दिवस वाया जाणं महागात पडतं.

आजी आणि मुलं बरोबर असतील तर?

अजिंठ्याला बसमधून उतरल्यावर सुरुवातीलाच चढ आणि पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी तिथे डोली मिळते. भाडं आधी ठरवून घ्यावं. वेरूळचं कैलास लेणं रस्त्यापासून जवळ आणि बरंचसं सपाटीवर आहे, त्यामुळे आजीसाठी दोन्हींपैकी एक निवडायचं झालं तर वेरूळ. दौलताबादला त्या खाली थांबू शकतात, म्हैसमाळला गाडी वरपर्यंत जाते.

मुलांसाठी एका दिवसात दोनपेक्षा जास्त ऐतिहासिक ठिकाणं ठेवू नयेत. तिसऱ्या ठिकाणी ती काही पाहत नाहीत, नुसती पाणी मागतात.

बुकिंग कोणत्या क्रमाने?

१. कॅलेंडर घेऊन सुट्टीचे वार लिहा. त्यांसमोर बंदचे वार मांडा: सोमवार अजिंठा, मंगळवार वेरूळ, शुक्रवार सालारजंग आणि चौमहल्ला.

२. तीनपैकी एकच दिशा निवडा.

३. आधी परतीचं आणि मग जाण्याचं रेल्वे तिकीट. आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं. दिवाळीच्या गाड्या पहिल्या काही दिवसांतच भरतात. तत्काळ आदल्या दिवशी मिळतं: एसीसाठी सकाळी १० आणि स्लीपरसाठी ११ वाजता. ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं.

४. मग मुक्काम. खोली शेवटच्या ठिकाणाजवळ घ्या, पहिल्या ठिकाणाजवळ नको. दिवसभर फिरून दमल्यावर परतीचे चाळीस किलोमीटर सर्वात जड जातात.

५. सर्वात शेवटी गाडी. निघण्याच्या दोन दिवस आधी गाड्यांच्या वेळा आणि स्मारकांच्या वेळा पुन्हा एकदा तपासा.

सुट्टी एकच दिवसाची असेल तर?

तर जिंतूरची वाट धरा. जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत. त्याच तालुक्यात चारठाण्याला यादवकालीन मंदिरं आणि मोठा दीपस्तंभ आहे. तिथून औंढा नागनाथ. औंढा आता हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणीतच होतं. औंढ्याच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं पाहायला तासभर तरी लागतो.

चारठाण्याची मंदिरं ज्या काळात उभी राहिली, त्या काळात या मुलखाचा कारभार देवगिरीहून चालत होता. ती पाहून मग पुढच्या सुट्टीत दौलताबाद चढलात, तर वर पोचल्यावर मुलांना सांगता येईल, आपल्या जिंतूर तालुक्यावर राज्य करणारे राजे इथे राहत होते. फक्त निघण्याआधी कॅलेंडर एकदा पाहा. दुसऱ्या दिवशी मंगळवार आला तर वेरूळ बंद असेल.